दाणे गोठले, हंगामाचे काय?

शीतपेटीतील भाजीने शहरी ग्राहकाची हंगामाच्या बंधनातून सुटका केली. ती पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा हंगाम मात्र अधिक काटेकोर आणि अधिक जोखमीचा झाला. चाकण-खेड पट्ट्यात या व्यवस्थेचे ताण एकाच ठिकाणी पाहावयास मिळतात.

निगडी असो, वाकड असो वा मोशी. पिंपरी-चिंचवडमधील कोणत्याही मोठ्या किराणा दुकानाच्या शीतपेटीत मटार आणि मधुमक्याचे, म्हणजे स्वीट कॉर्नचे, दाणे आज बाराही महिने मिळतात. हॉटेले, मंगल कार्यालये आणि कारखान्यांची कँटीन हेही या दाण्यांचे मोठे गिऱ्हाईक आहे. निवडणे नाही, सोलणे नाही, नासाडी नाही. नवरा-बायको दोघेही नोकरी करत असलेल्या घरांना ही मोठीच सोय. साहजिकच भाजीला हंगाम असतो, ही जाणीव शहरी स्वयंपाकघरातून हळूहळू पुसली जात आहे.

तथापि, शेतातून हंगाम गेलेला नाही. उणे १८ अंश सेल्सिअसला ठेवलेला दाणा वर्षभर विक्रीयोग्य राहतो. पण तो दाणा ज्या कणसावर भरला, त्या कणसाला तोडणीसाठी जेमतेम काही दिवस मिळालेले असतात. गोठवणुकीने भाजीचे आयुष्य वाढवले. या वाढलेल्या आयुष्याचा मोबदला कोणाला मिळतो, आणि त्याआधीच्या ऐंशी-नव्वद दिवसांची जोखीम कोण वाहतो, हा खरा प्रश्न आहे.

दोन पिके, दोन न्याय

गोठवलेली भाजी म्हटले की प्रथम मटार आठवतो. परंतु पुणे जिल्ह्यातील नामांकित मटार या पिशवीत जाण्यासाठी पिकवला जात नाही. पुरंदर तालुक्यात पावसाळ्याच्या आरंभी पेरलेला वाटाणा साधारणतः ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सासवडच्या बाजारात येऊ लागतो. उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, पंजाब या प्रमुख उत्पादक राज्यांचे पीक हिवाळ्यातले. त्यामुळे देशभर ताज्या शेंगेची टंचाई असताना पुरंदरच्या शेंगेला मागणी असते. प्रक्रिया उद्योगाला तो भाव परवडणारा नसतो. हा उद्योग खरेदी करतो ती हिवाळ्यात, उत्तरेकडील बाजारात मटाराचा पूर आलेला असताना.

येथेच या व्यवसायाचे मूळ गणित उलगडते. भाव पडलेला असताना घ्यायचे, गोठवायचे आणि टंचाईच्या महिन्यांत विकायचे. उत्तरेतील शेतकऱ्याला त्यामुळे भाव कोसळताना थोडा आधार मिळतो, हे मान्यच करावे लागेल. कारखाने नसते तर तो मटार आणखी मातीमोल झाला असता. मात्र तोच दाणा पुढे पावसाळ्यात पिंपरीच्या दुकानात पुरंदरच्या शेंगेसमोर उभा राहतो. शेंग महाग वाटली की गृहिणी पिशवी उचलते. म्हणजे एका शेतकऱ्याच्या पायाखाली जी फळी घातली गेली, तीच दुसऱ्याच्या डोक्यावरचे छत झाली. टंचाईच्या काळात चढा भाव मिळणे हाच ज्या पिकाचा नफा, त्या पिकाला हे छत जाचणारच.

खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांत गोठवणुकीशी थेट नाते जुळते ते मधुमक्याचे. भाजी म्हणून कोवळी कणसे, प्रक्रियेसाठी दाणे आणि तोडणीनंतर जनावरांना हिरवा चारा, असा या पिकाचा तिहेरी उपयोग आहे. जोडधंदा म्हणून दूध असलेल्या घरांना हा चारा म्हणजे पीक फसले तरी हाती राहणारी शिल्लक. कमी दिवसांत येणारे आणि चाऱ्याचीही सोय करणारे पीक म्हणून छोट्या शेतकऱ्याला ते भावते. पण त्याच्या अटीही तितक्याच कडक आहेत.

ऐंशी दिवसांचे वेळापत्रक

मधुमका पेरणीपासून साधारण ७५ ते ९० दिवसांत तोडणीला येतो. खेड तालुक्याचा पश्चिम भाग भीमाशंकरच्या डोंगररांगांना लागून, भाताचा आणि मुसळधार पावसाचा; तर पूर्वेकडे जावे तसा पाऊस झपाट्याने कमी होतो. मधल्या पट्ट्यात जूनमध्ये जमिनीला वाफसा आला की पेरणी सुरू होते. जुन्या पद्धतीत सारा गाव एकाच आठवड्यात पेरून मोकळा होत असे. कारखान्याला हे चालत नाही. त्याच्या यंत्रांना रोज ठरावीक माल लागतो; म्हणून पेरणी टप्प्याटप्प्याने, आठ-दहा दिवसांच्या अंतराने व्हावी अशी त्याची अपेक्षा असते. ज्याच्या वाट्याला शेवटचा टप्पा येतो, त्याचे पीक परतीच्या पावसात सापडण्याचा धोका वाढतो. तरीही पहिल्या आणि शेवटच्या टप्प्याचा दर बहुधा एकच असतो.

दुसरी अडचण बियाण्याची. मधुमक्याचे संकरित बियाणे शेतकऱ्याला घरी राखता येत नाही. दर हंगामाला ते विकतच घ्यावे लागते. शिवाय हे पीक साध्या मक्यापासून दूर ठेवावे लागते. शेजारच्या शेतातील चाऱ्याच्या मक्याचा पराग वाऱ्याने येऊन कणसावर पडला, तर दाण्यांतील साखरेची जागा पिठूळपणा घेतो आणि सारा माल नापास होतो. त्यासाठी दोन्ही पिकांत काहीशे मीटरचे अंतर किंवा तुरा येण्याच्या वेळेत दोन-तीन आठवड्यांचे अंतर राखण्याचा सल्ला दिला जातो. महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा २०१५-१६च्या कृषिगणनेनुसार १.३४ हेक्टर होती. एवढ्या तुकड्यात असे अंतर राखणे एकट्या शेतकऱ्याच्या हातचे नाही; त्यासाठी शेजारचे चार-पाच बांध एकमताने वागावे लागतात. दुधासाठी चारा-मका पेरणाऱ्या शेजाऱ्याला नकार कोणत्या हक्काने द्यायचा?

तिसरे संकट २०१८ मध्ये आले. अमेरिका खंडातून आफ्रिकेमार्गे पसरत आलेली लष्करी अळी त्या वर्षी भारतात प्रथम कर्नाटकात आढळली आणि काही महिन्यांतच महाराष्ट्रातील मक्यावर दिसू लागली. ही अळी मक्याच्या पोंग्यात शिरून कोवळी पाने खाते आणि पुढे कणसातही उतरते. पोंग्यात दडलेल्या अळीपर्यंत औषध पोहोचवणे कठीण. त्यामुळे फवारण्या वाढतात. दुसरीकडे, थेट खाण्यासाठी जाणाऱ्या दाण्यांत कीटकनाशकांचे अंश ठरलेल्या मर्यादेतच असले पाहिजेत आणि निर्यातीचा माल असेल तर त्या मर्यादा आणखी कडक. फवारणी केली तर अंशांची भीती, न केली तर अळीची. कामगंध सापळे, अंडीपुंज वेचणे, वेळेवर निरीक्षण हा मधला मार्ग आहे. परंतु त्याला माणसांचे हात लागतात आणि चाकणच्या आसपास नेमके तेच दुर्मीळ झाले आहेत.

पीकविम्याचे छत्र येथे फारसे उपयोगाला येत नाही. प्रधानमंत्री पीकविमा योजना २०१६ मध्ये सुरू झाली; पण खरिपाच्या तिच्या यादीत कांद्याखेरीज भाजीपाल्याची बहुतेक पिके बाहेरच राहिली. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तर २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. कोरडा ऑगस्ट कणसे भरण्याच्या काळावर येतो आणि मे महिन्यातला अखंड पाऊस मशागतीलाच उसंत देत नाही. आकाशाचे वेळापत्रक असे विस्कटत असताना कारखान्याचे वेळापत्रक मात्र तसूभरही हलत नाही.

शेवटचे काही तास

कणसाला स्त्रीकेसर दिसू लागल्यावर साधारण १८ ते २२ दिवसांनी दाणा दुधाळ अवस्थेत येतो. नख टोचल्यावर पांढरा चीक आला की तोडणीची वेळ झाली. त्याआधी तोडल्यास दाणा भरलेला नसतो. चार-पाच दिवस उशीर झाल्यास तो निबर होतो. तोडल्यानंतरही कणीस जिवंतच असते. ते श्वसन करते, ढिगात तापते आणि त्यातील साखर घटत जाते. उष्ण हवेत पहिल्या चोवीस तासांतच गोडीत लक्षणीय फरक पडतो. म्हणून पहाटे तोडणी आणि दुपारच्या आत कारखाना, हे या धंद्याचे सूत्र.

कारखान्यात दाणे सोलून गरम पाण्यात वा वाफेत काही मिनिटे धरले जातात. रंग, चव बिघडवणारी विकरे त्यामुळे निष्क्रिय होतात. मग अतिथंड हवेच्या झोतावर प्रत्येक दाणा सुटा, काही मिनिटांत गोठवला जातो. गोठणे संथ झाले तर बर्फाचे मोठे स्फटिक तयार होऊन दाण्याच्या पेशी फाटतात आणि शिजवताना तो लगदा होतो. जलद गोठवल्यास स्फटिक बारीक राहतात. क्लॅरेन्स बर्ड्‌सआय यांनी १९२०च्या दशकात अमेरिकेत विकसित केलेल्या जलद गोठवणुकीचे हेच तत्त्व आहे. सोललेल्या कणसांतून हाती येणारे दाणे मूळ वजनाच्या ढोबळमानाने एक तृतीयांश असतात. त्यामुळे दुकानातील किलोचा दर आणि शेतातील किलोचा दर यांची सरळ तुलना करणे योग्य नाही. कारखान्याला वीज, मजुरी आणि महिनोन्‌महिने साठवणुकीचा खर्च असतो, हेही लक्षात घेतले पाहिजे.

पण या साऱ्या साखळीत वेळेची सर्वाधिक निकड कोणाला, हे पाहिले तर ती शेतकऱ्याला. माल गोठला की कारखानदार थांबू शकतो. आज भाव नसेल तर पुढच्या महिन्यात विकू शकतो. शेतकऱ्याला मात्र सकाळी तोडलेले कणीस त्याच दिवशी द्यावे लागते. वजनात कटती धरली, माल निबर ठरवला, गाडी उद्या येईल असे सांगितले, तरी त्याच्याकडे उत्तर नसते. सौद्यात ज्याला थांबता येत नाही त्याचा हात नेहमीच खाली राहतो.

कारखान्यांच्या सावलीतील शेत

चाकण परिसराचे वेगळेपण या ठिकाणी स्पष्ट होते. पिंपरी-चिंचवडचे औद्योगिकीकरण १९५०च्या दशकात हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून सुरू झाले. पुढे मोटार आणि दुचाकी उद्योगांनी त्याला आकार दिला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून हा पट्टा पुणे-नाशिक महामार्गाने चाकणकडे सरकला आणि २००९ मध्ये फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने येथे उभे राहिले. कांदा-बटाट्याची बाजारपेठ म्हणून ओळखले जाणारे चाकण मोटारींचे गाव झाले. खेड बाजार समितीचा महात्मा फुले बाजार आजही तेथे भरतो. पण त्याच्या चहूबाजूंनी आता गोदामे आणि गृहसंकुले आहेत.

कागदावर पाहता प्रक्रिया उद्योगासाठी याहून सोयीची जागा नाही. वीज आहे, गोदामे आहेत, मुंबईचे बंदर जवळ आहे, लाखो ग्राहक दाराशी आहेत. सुगी-पश्चात तंत्रज्ञानाचे प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय संस्थाही तळेगाव दाभाडे येथे आहे. प्रत्यक्षात मात्र याच पट्ट्याने शेतीच्या पायाखालची जमीन काढून घेतली आहे. ज्या एकराला गुंतवणूकदार विचारतो, त्या एकरात ऐंशी दिवसांच्या पिकासाठी ठिबक बसवण्याचा उत्साह टिकत नाही. घरातील तरुण पाळीवर जातो. तोडणी स्त्रिया आणि वृद्धांवर येते.

पाण्याचे तेच. सिंचनासाठी आखलेल्या भामा आसखेड धरणाचे पाणी जानेवारी २०२१ पासून पुण्याच्या पूर्व भागाला मिळू लागले. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याच्या प्रकल्पाविरुद्ध मावळात ९ ऑगस्ट २०११ रोजी झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा बळी गेला. शहराला पाणी हवे, यात वाद नाही. पण तेच शहर भाजीही मागते आणि भाजीला पाणी लागते, हा मुद्दा नियोजनाच्या चर्चेत क्वचितच येतो. विजेचीही तऱ्हा अशीच. कारखान्यातील शीतगृहाला अखंड वीज, तर त्याला माल पुरवणाऱ्या विहिरीवरील पंपाला वर्षानुवर्षे पाळीपाळीने, अनेकदा रात्रीची. उसाच्या आश्रयाने बिबट्या स्थिरावलेल्या जुन्नर, आंबेगाव, खेड भागात रात्री पाणी धरायला जाणे ही केवळ गैरसोय नव्हे, तो जिवाचा प्रश्न आहे.

आणि शेवटी रस्ता. पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-शिक्रापूर रस्ता चाकणच्या तळेगाव चौकात एकमेकांना छेदतात. तेथील कोंडी कामगारांना आणि उद्योगांना किती महागात पडते, याची चर्चा नेहमी होते. परंतु कणसांनी भरलेला टेम्पो त्याच कोंडीत दीड-दोन तास उन्हात उभा राहिला, तर होणारा तोटा कोणत्याच हिशेबात धरला जात नाही. मोटारीचा सुटा भाग उशिरा पोहोचला तरी तो सुटा भागच राहतो. कणीस उशिरा पोहोचले तर त्याची प्रत उतरते आणि ती उतरलेली प्रत शेतकऱ्याच्या पट्टीत वजा होते.

कराराचा कागद

या जोखमीवर उपाय म्हणून करारशेतीकडे बोट दाखवले जाते. केंद्राच्या २००३च्या आदर्श कायद्यानंतर महाराष्ट्राने २००६ मध्ये बाजार समिती कायद्यात दुरुस्ती करून करारशेती आणि थेट खरेदीला वाट करून दिली. जुलै २०१६ मध्ये फळे-भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त झाला. २०२० मध्ये केंद्राने करारशेतीचा स्वतंत्र कायदा आणला. शेतकरी आंदोलनानंतर २०२१ मध्ये तो अन्य दोन कायद्यांसह रद्द झाला. या साऱ्या वादात ‘बाजार समिती की कंपनी’ असाच प्रश्न मांडला गेला. करारात नेमके काय लिहिलेले असते, याकडे दोन्ही बाजूंचे दुर्लक्ष झाले.

आंबेगावच्या सातगाव पठारावर वेफर्ससाठी लागणाऱ्या बटाट्याची करारशेती बऱ्याच वर्षांपासून चालते. तेथील अनुभव एकरंगी नाही. ठरलेला भाव, बियाणे, मार्गदर्शन यांचा अनेकांना लाभ झाला. पण प्रतवारी कोणी करायची आणि बाजारभाव कराराहून वर गेला तर काय, हे प्रश्न राहतातच. तरीही बटाटा काही दिवस अडतीवर थांबू शकतो, वखारीत ठेवता येतो. मधुमक्याला ती सवलत नाही. म्हणूनच बटाट्यासाठी कसाबसा पुरणारा करार मधुमक्याला अपुरा पडतो.

करार मोडण्याचा दोष एकाच बाजूचा नाही. ताज्या कणसाला बाजारात जास्त भाव मिळाला की शेतकरी माल तिकडे वळवतो, अशी कारखान्यांची तक्रार असते आणि ती निराधार नाही. पण बाजार पडला की कारखान्याची प्रतवारी अचानक कडक होते, हा शेतकऱ्यांचा अनुभवही तितकाच जुना आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हॉटेले आणि कँटीन एका रात्रीत बंद झाली. शेतात उभ्या असलेल्या पिकाला मात्र टाळेबंदी लावता येत नव्हती. मागणी नाहीशी झाल्यास उभ्या पिकाचे काय, याचे उत्तर करारात नसेल तर तो करार एकतर्फीच म्हणावा लागेल.

थंडाव्याची मालकी

उपाय अशक्य कोटीतले नाहीत. पहिला करारातच आहे. किलोचा दर ठरतो, तशी तोडणीची तारीखही ठरली पाहिजे. कारखान्याच्या सोयीने तोडणी लांबली आणि माल निबर झाला, तर भरपाई त्याने द्यावी. माल नाकारल्यास कारण लेखी मिळावे आणि वजन-प्रतवारी शेतकऱ्याच्या समोर व्हावी. उशिराचा टप्पा पेरणाऱ्याला वाढीव दर मिळावा. कारण कारखान्याची यंत्रे महिनाभर अधिक चालतात ती त्याच्या जोखमीवर.

दुसरा उपाय अधिक मूलभूत. गोठवणुकीचा मोठा कारखाना उभारणे छोट्या शेतकऱ्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे. पण तोडलेला माल काही तास वा एखाद-दोन दिवस थंड ठेवणारे पूर्वशीतकरण केंद्र शेतकरी उत्पादक कंपनीला उभारता येते. अशा कंपन्यांसाठी केंद्राने २०२० मध्ये दहा हजार संस्थांची योजना आणली, राज्यात ‘स्मार्ट’ प्रकल्प राबवला जात आहे, आणि प्रधानमंत्री किसान संपदा योजनेतून २०१७ पासून शीतसाखळीला अनुदान मिळते. मात्र अनुदानाचा ओघ आजवर मोठ्या साठवणुकीकडे अधिक राहिला. शेताच्या बांधाजवळचा दोन दिवसांचा थंडावा हा कारखान्यातील वर्षभराच्या थंडाव्याइतकाच महत्त्वाचा आहे. कारण त्या दोन दिवसांत शेतकऱ्याला दुसरा ग्राहक शोधता येतो. पिंपरी-चिंचवडमधील आठवडे बाजार, गृहसंकुले, कँटीन हे ग्राहक अवघ्या काही किलोमीटरवर आहेत.

तिसरी जबाबदारी शासनाची आणि महापालिकेची. दिवसा वीज, नाशवंत मालाच्या गाड्यांना चाकणच्या चौकांतून ठरावीक वेळी अग्रक्रम, भाजीपाल्याला विम्याचे संरक्षण आणि धरणांच्या पाणीवाटपात शेतीचा निश्चित वाटा या मागण्या नव्या नाहीत. औद्योगिक पट्ट्याचे नियोजन करताना शेतीला ‘भविष्यातील बिगरशेती’ न मानता याच साखळीचा पहिला दुवा मानणे, एवढा दृष्टिकोनातील बदल मात्र नवा ठरेल.

शीतपेटीतील पिशवी स्वस्त आणि सोयीची राहावी, ही शहराची अपेक्षा गैर नाही. परंतु भामा आणि भीमेच्या काठची शेते एकामागून एक गोदामांत रूपांतरित झाली, तर ती पिशवी पंजाबातून येईल, गुजरातेतून येईल, कदाचित परदेशातूनही येईल. शीतपेटी रिकामी राहणार नाही. रिकामे होईल ते चाकणच्या पलीकडचे शिवार. तसे झालेले ग्राहकाच्या लक्षातही येणार नाही, कारण हंगाम केव्हा येतो आणि केव्हा जातो, हे पाहण्याची त्याची सवय शीतपेटीने आधीच मोडली आहे.